सगळ्यांचं देऊन उरेल ते आपलं: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

नोकरदाराची मानसिकता आणि उद्योजकाची मानसिकता असा विषय निघाला की बहुतेकांची गाडी धाडसावर येते. नोकरदार घाबरट, उद्योजक बेधडक, असं ठरूनच गेलेलं असतं. मी अनेक वर्षं नोकरी केली आणि आता सुटे भाग बनवण्याचं छोटं वर्कशॉप चालवतो, पण मला हे कधीच पटलेलं नाही. नोकरीत मी साहेबासमोर ठामपणे "हा माल पाठवायचा नाही" म्हणणारे कामगार पाहिले आहेत. उलट माझ्या ओळखीतले टिकून राहिलेले मालक पावलापावलाला विचार करणारे, सावध लोक आहेत.

खरा फरक पैसे कोणत्या क्रमानं मिळतात यातून येतो. कामगाराला ठरलेला पगार आधी मिळतो. मग मालाचे, विजेचे, भाड्याचे, कर्जाच्या व्याजाचे पैसे जातात. सगळ्यांचं देऊन उरेल ते मालकाचं, आणि काही महिने काहीच उरत नाही. अठराव्या शतकात रिचर्ड कँटिलन या अर्थविचारवंतानं हेच मांडलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, 1755 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो माणसांचे दोन गट करतो: मोबदला ठरलेले आणि मोबदला न ठरलेले. ठरलेल्या भावानं घ्यायचं आणि न ठरलेल्या भावानं विकायचं, हे ज्याच्या वाट्याला येतं तो उद्योजक. शेतकरी, व्यापारी, कारागीर इतकंच काय, भिकाऱ्यालाही तो या दुसऱ्या गटात बसवतो. पुढे 1921 मध्ये फ्रँक नाइटनं जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, तिचा विमा उतरवता येतो. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि नाइटच्या मते नफा येतो तो ती अंगावर घेण्यातून. आमच्या वर्कशॉपचा सगळा प्रवास मला या दोन विचारांच्या आधारानं नीट सांगता येतो.

मी क्वालिटी विभागातून आलो. माझे दोन भागीदार, एक लेथवरचा (धातू फिरवून कापायचं मशीन) आणि एक डिझाइनचा. आम्हाला कामाची खोल जाण होती: कोणत्या धातूला कोणता इन्सर्ट (कापणारं पातं), किती फीड (हत्यार पुढे सरकवण्याचा वेग), वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांशांची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कशी धरायची. नोकरीत आमच्यापुढे प्रश्न असायचा तो एवढाच की दिलेलं काम नीट झालं का. वर्कशॉप सुरू झालं आणि त्याच्याआधी आणखी एक प्रश्न येऊन उभा राहिला: हे काम घ्यायचं का, आणि कोणत्या दरानं?

दर हा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं मानसिकतेतला बदल घडतो तो इथेच. नोकरीत असताना मशीनचा तास म्हणजे शिफ्टमधला तास. महिन्याचे 26 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 208 तास. मशीनचा घसारा, हप्त्यावरचं व्याज, वीज, जागा, ऑपरेटरचा पगार हे सगळं मिळवायचं आणि 208 नं भागायचं, की ताशी दर मिळाला. पण धंद्यात 208 तास विकले जात नाहीत. सेटिंग आहे, म्हणजे पुढच्या कामासाठी मशीन लावून घेणं, दुरुस्ती आहे, मालाची वाट बघणं आहे, ऑर्डरच नसलेले दिवस आहेत. समजा प्रत्यक्षात 130 तासच विकले गेले. खर्च मात्र बव्हंशी तेवढाच राहतो, म्हणजे तासाचा खरा दर कागदावरच्या दराच्या 1.6 पट होतो. रिकाम्या तासांचा खर्च कोणाच्याच पगारातून कापला जात नाही. तो उरलेल्या हिश्श्यातून जातो. म्हणून मालकाला रिकामं मशीन लगेच दिसतं आणि कामगाराला दिसत नाही. यात कोणाच्या निष्ठेचा संबंध नाही. ज्याच्या खिशातून जातं त्याला ते आधी कळतं.

उधारीचंही तसंच. आमच्या कामात साधारण हिशोब असा चालतो: माल आल्यापासून 15 दिवसांत त्याचे पैसे द्यायचे, भाग तयार होऊन जायला 30 दिवस, आणि ग्राहकाचे पैसे त्यानंतर 60 दिवसांनी. म्हणजे माल आल्यापासून ग्राहकाचा पैसा हातात यायला 90 दिवस, त्यातले 75 दिवस आपला पैसा अडकलेला. ऑर्डर दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही दुप्पट. नफा वाढतोय आणि बँकेतली शिल्लक आटतेय, हे दोन्ही एकाच महिन्यात घडतं. एका मोठ्या ग्राहकानं आम्हाला जवळजवळ सगळी क्षमता भरून जाईल एवढं काम देऊ केलं, तेव्हा आम्ही त्यातलं थोडंच काम घेतलं. त्याचे पैसे महिनाभर जरी लांबले असते तरी पगार अडले असते. किती मिळेल याआधी किती अडकलं तर झेपेल हे विचारायची सवय आम्हाला तेव्हापासून लागली, आणि ती मी नव्या लोकांना आवर्जून सांगतो.

डिझाइनचा भागीदार काही काळानं पुन्हा नोकरीत गेला. त्याबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे, कारण असा माणूस मागे हटला असं लोक सहज म्हणून टाकतात. त्याला गेज (भागाचं माप तपासायची साधनं) डिझाइन करायला मनापासून आवडतं. आमच्याकडे त्याचा दिवस पुरवठादारांना फोन करण्यात आणि थकलेल्या पैशांचा पाठपुरावा करण्यात जायचा. ठरलेला पगार घेणारा माणूस पैशाची काळजी दुसऱ्यावर सोपवतो आणि त्या बदल्यात आपलं लक्ष एका विद्येला देऊ शकतो. जगातलं कितीतरी उत्तम काम अशाच माणसांनी केलेलं आहे. त्याचा हिस्सा आम्ही ठरल्याप्रमाणे परत केला, आणि आजही अवघड ड्रॉइंग आलं की पहिला फोन त्यालाच जातो.

"मला मालकासारखा विचार करणारी माणसं हवीत" हे वाक्य मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. माहिती द्यायची नाही, अधिकार द्यायचा नाही, हिस्सा द्यायचा नाही आणि काळजी मात्र मालकाएवढी मागायची, हे बसत नाही. आम्ही उलट्या बाजूनं गेलो. प्रत्येक जॉबचा ताशी हिशोब मशीनजवळ लावला. रिजेक्शन (मापात न बसणारा माल) निघालं तर मशीन थांबवायचा निर्णय ऑपरेटरचा, विचारायला यायचं नाही. वर्षाच्या नफ्यातला ठरलेला वाटा सगळ्यांना, पगाराच्या प्रमाणात.

यातून सगळ्यात मोठी सुधारणा आली ती आमच्या सर्वांत जुन्या टर्नरकडून, म्हणजे लेथ चालवणाऱ्या काकांकडून. सेटिंगमध्ये किती तास जातात हे कागदावर बघून ते म्हणाले, "साहेब, एकाच चकवर (भाग पकडणाऱ्या पंजावर) होणारे जॉब एकामागोमाग लावू, आणि पुढच्या जॉबची टूल्स आधीच मोजून ठेवू." जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी सेटिंग झटपट करण्याची जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच आहे: जे काम मशीन चालू असताना उरकता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. काकांना शिंगोंचं नाव माहीत नव्हतं. आकडे समोर आल्यावर त्यांना ते आपसूक दिसलं. नोकरी करणाऱ्या माणसाची नजर कमी पडते असं मी मानत नाही, ते याच अनुभवामुळे.

दुसऱ्या बाजूनं, नोकरीतल्या काही गोष्टी आम्ही मालकांनी स्वतःला लावून घेतल्या. आम्ही दोघं दरमहा ठरलेला पगार घेतो, गल्ल्यातून हवे तसे पैसे काढत नाही. ताळेबंदात मालकाचं भांडवल देण्यांच्या बाजूला लिहितात, म्हणजे हिशोबाच्या नजरेत धंदा वेगळा आणि आपण वेगळे. हे मनात बसलं की घरखर्च आणि खेळतं भांडवल एकमेकांत मिसळत नाहीत. आठवड्याची सुट्टीही घेतो. थकलेला माणूस कोटेशन घाईत देतो, आणि त्या घाईचा भुर्दंड पुढे कित्येक महिने भरावा लागतो.

सध्या आमच्याकडच्या दोघा तरुणांना स्वतःचं युनिट काढायचं आहे. त्यांना आम्ही महिनाभरासाठी मशीनवरून उठवून ऑफिसात बसवलं. कोटेशन त्यांनी काढायची, येणी-देणी त्यांनी लिहायची, थकीत पैशांसाठी फोनही त्यांनीच करायचे. महिन्याअखेर एकानं ठरवलं की त्याला सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनच्या) प्रोग्रामिंगमध्येच पुढे जायचं आहे, आणि आता तो आमच्या प्रोग्रामिंगचा प्रमुख आहे. दुसऱ्यानं कर्जासाठी अर्ज केला. त्याला सुरुवातीला काम आम्ही देणार आहोत, आणि त्याचे पैसे 15 दिवसांत द्यायचे असं आम्ही लेखी ठरवलं आहे.