गाव ठाऊक, जहाज ठाऊक नाही

सुरिनाम, फिजी किंवा त्रिनिदादहून आपल्या पणजोबांचे गाव शोधत भारतात येणाऱ्या माणसाकडे बहुधा एक कागद असतो. कलकत्त्याच्या डेपोत करारबद्ध मजुराला मिळालेल्या एमिग्रेशन पासची, म्हणजे परदेशी जाण्याच्या परवान्याची, ती नक्कल असते आणि त्यावर जहाज, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, पोलीस ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण एवढे सारे नोंदवलेले असते. त्याला जहाज ठाऊक असते आणि गाव सापडत नसते. आमचा शोध याच्या नेमका उलट आहे, कारण गोंदियाजवळच्या ज्या गावातून आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ गेले, त्याच गावात आम्ही आजही राहतो. गेलेल्या माणसाचा मात्र कागदावर पत्ता नाही.

घरातील गोष्ट थोडक्यात अशी: 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळात हा तरुण मजुरीसाठी गोंदियाच्या स्टेशनावर गेला, तिथे कोणीतरी उसाच्या मळ्यातील कामाचे आमिष दाखवून त्याला कलकत्त्याच्या गाडीत बसवले, पुढे काही वर्षांनी एक मनीऑर्डर आली आणि त्यानंतर काहीच आले नाही. बैलाचे शिंग लागून त्याच्या डाव्या भुवईवर व्रण झाला होता, असे आजी सांगत असे. तो मॉरिशसला गेला, हे थोरल्या काकांचे ठाम मत आहे.

अशा गोष्टीतला कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून चिकटलेला, हे परदेशी नेलेल्या मजुरांची यादी उघडण्यापूर्वीच ठरवावे लागते. दुष्काळ आणि कलकत्ता हे दोन्ही भाग मला मूळचे वाटतात, कारण 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने आमचा भाग पूर्वेकडे जोडला होता आणि मुंबईपेक्षा कलकत्त्याकडे जाण्याची वाट गोंदियाच्या माणसाला अधिक स्वाभाविक होती. मॉरिशस मात्र नंतरची भर असावी. तिथे मराठी भाषकांची वस्ती आहे हे खरे, पण त्यांचे पूर्वज प्रामुख्याने कोकण आणि सातारा भागातून, मुंबई बंदरावरून आणि पुष्कळ आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गेले. तिथल्या मराठी माणसांविषयी पुढे कानावर आले असेल आणि ‘पाण्यापलीकडे’ एवढ्याच आठवणीला घरच्यांनी एका देशाचे नाव दिले असेल. 1900 च्या सुमारास कलकत्त्याहून फिजी, सुरिनाम, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ अशा अनेक वसाहतींकडे जहाजे सुटत होती. त्यामुळे शोध तिकडे वळवणे भाग पडले.

सुरिनामपासून सुरुवात करणे सोयीचे होते. 1873 ते 1916 या काळात तिथे 34,000 हून अधिक भारतीय मजूर नेले गेले आणि त्यांची नोंदवही नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर सर्वांना खुली केली आहे. मात्र तिथे ‘गोंदिया’ जिल्हा शोधणे व्यर्थ आहे, कारण हा जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. विदर्भातील कोणीही असा शोध घेणार असेल तर त्याने आपल्या जिल्ह्याचे तेव्हाचे नाव आधी पक्के करावे. आजचा गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होता, यवतमाळच्या जिल्ह्याचे नाव वूण होते, एलिचपूर (आजचे अचलपूर) आणि बाशिम (आजचे वाशिम) हे 1905 पर्यंत स्वतंत्र जिल्हे होते, आणि वऱ्हाड 1903 पर्यंत मध्य प्रांताला जोडलेलाच नव्हता. जिल्ह्याच्या रकान्यात ‘नागपूर’ दिसले म्हणून आनंदून जाण्याचेही कारण नाही. या मजुरीसाठी माणसे पुरवणारा एक मोठा प्रदेश आजच्या झारखंडातील छोटा नागपूर होता, आणि ठाण्याचे नाव ताडून पाहिल्याशिवाय हे दोन नागपूर वेगळे करता येत नाहीत.

आडनावाचा उपयोग तर जवळजवळ नाहीच. माणसाचे एकेरी नाव आणि बापाचे नाव एवढेच या नोंदींत सहसा असते, तेही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरवलेले. जातीच्या रकान्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, कारण भरतीच्या वेळी जात बदलून सांगणे अशक्य नव्हते. बापाचे नाव, वय आणि अंगावरची खूण या तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच पुढे जावे, असे मी ठरवले आहे. भंडारा जिल्ह्याची, नावाने जवळची वाटणारी एक नोंद समोर आली होती, पण बापाचे नाव वेगळे निघाले आणि वयातही मोठी तफावत होती, म्हणून ती बाजूला ठेवली. काकांना ती हवी होती.

दरम्यान इकडच्या कागदांनी अधिक मदत केली. जात पडताळणीच्या निमित्ताने विदर्भातील घरोघरी कोतवाल पंजी (गावातील जन्म-मृत्यूची नोंदवही), बंदोबस्त मिसळ (जमीन बंदोबस्ताचे कागद) आणि अधिकार अभिलेख पंजी (जमिनीवरील हक्कांची नोंदवही) हे शब्द पोचले आहेत. वंशावळ सिद्ध करण्यासाठी काढलेल्या याच नकला आम्हाला इथे उपयोगी पडल्या. थोरल्या भावाच्या नावापुढे बापाचे नाव ज्या रूपात लिहिले आहे ते घरात सांगितल्या जाणाऱ्या नावापेक्षा निराळे आहे, आणि परदेशी यादीत शोधायचे ते हेच रूप.

तो परतलाच नसेल, असेही धरून चालता येत नाही. सुरिनामला गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक भारतात परतले, परंतु निरनिराळ्या वसाहतींतून परतलेली कित्येक माणसे गावापर्यंत न पोचता कलकत्त्यातील मटियाबुर्ज भागात हलाखीत अडकून पडली होती. त्यामुळे परतीच्या जहाजांच्या याद्याही पाहाव्या लागतील. त्याआधी फिजीचे काम हाती घेतले आहे: 1879 ते 1916 या काळात तिथे सुमारे 60,000 मजूर नेले गेले, त्यांचे पास सुवा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्याहून सुटलेल्या जहाजांपुरतीच चौकशी करायची असल्याने ती आवाक्यातली वाटते. तिकडे करायच्या अर्जात बापाच्या नावाची दोन्ही रूपे लिहिली आहेत आणि भुवईवरच्या व्रणाचा उल्लेखही केला आहे.