आठ माइक, दोन बीम आणि मे महिन्याचं ऊन

मागच्या नोंदीत एक बीम, म्हणजे माइकांच्या रांगेने एकाच दिशेला लावलेला कान, जमला होता. या आठवड्यात जोडणीला हातही न लावता एकाच रेकॉर्डिंगमधून दोन काढले.

सेटअप तोच. सागवानी पट्टीवर 4 सेंटिमीटर अंतराने आठ मेम्स (चिपवरचे इवलेसे) माइक, सॅम्पलिंग 48 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 48 हजार नोंदी. रडारचा सराव आवाजावर, कारण ट्रान्समीटर लावायचा तर परवाना हवा. आणि 4 किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरीइतकीच. भूमिती तीच राहते.

गच्चीवर खडूने कोन आखले. डावीकडे 20 अंशांवर एक फोन 3 किलोहर्ट्झची शिट्टी वाजवतोय, उजवीकडे 50 अंशांवर दुसरा, 3.6 ची. सूर वेगळे ठेवले ते एकाची दुसऱ्या बीममध्ये गळती किती, हे मोजायला.

आबा बघत होते. "काहून गा, अर्धे माइक इकडं अन् अर्धे तिकडं लावले का?"

माझीही आधी हीच समजूत होती. पण आठही माइकांचे आकडे दोनदा वापरलेत: एकदा डावीकडचे विलंब देऊन बेरीज, एकदा उजवीकडचे. तिरका आवाज प्रत्येक माइकला थोडा मागेपुढे पोचतो, तो फरक विलंबाने भरून निघतो. प्रत काढल्याने आकडा झिजत नाही, म्हणून प्रत्येक बीमला आठांचा पूर्ण फायदा. तारांत हे इतकं मोकळं नाही. 1961 ची बटलर मॅट्रिक्स, म्हणजे बीम बनवणारी तारांची जोडणी, चार अँटेनांतून चार बीम देते खरी, पण त्यांच्या दिशा जोडणीतच ठरून जातात. आणि लहरी सोडायच्या म्हटलं की ऊर्जा वाटावीच लागते. फुकटची मजा फक्त ऐकताना.

सगळ्या माइकांना बेरजेत समान वजन दिलं की पहिला बाजूचा लोब (नको त्या दिशेला ऐकणारा फुगवटा) मुख्यापेक्षा 13 डेसिबलच खाली. टोकाच्या माइकांचं वजन घटवलं, गळती कमी झाली, बीम मात्र जाडा झाला.

खरा घोळ दुपारी. 50 अंशांवरचा फोन 47 वर दिसायला लागला! समोर, शून्यावर ठेवला की अगदी बरोबर. दोन तास माइक तपासण्यात घालवले. चूक कोडमध्ये होती: विलंबावरून कोन काढायला लागणारा ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर लिहून मोकळा झालो होतो, तो 20 अंश सेल्सिअसचा. 45 अंश सेल्सिअसला तो 358 च्या घरात जातो. जानेवारीत सकाळी चाचण्या घेतल्या, तेव्हा कुठून कळणार?

आता तापमान सेन्सरवरून घेतो. पहिल्यांदा तो उन्हातच ठेवला, तर 52 दाखवून बसला. आता पट्टीखाली सावलीत टांगलाय. लॅपटॉपची बॅटरी संपली, लाइन आली की पुन्हा मोजतो.