दरवेळी गे बर्न यांचंच नाव का?

निवेदन आणि मुलाखतीच्या कार्यशाळा घ्यायला लागल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "मॅडम, आपल्याकडे इतके चांगले मुलाखतकार असताना तुम्ही दरवेळी त्या आयरिश माणसाचंच उदाहरण का देता?" वर्गात वेळ नसतो, त्यामुळे थोडक्यात काहीतरी सांगून मी पुढे जाते. पण प्रश्न रास्त आहे आणि असं घाईत उरकण्यासारखा नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

गॅब्रिएल मेरी बर्न हे त्यांचं पूर्ण नाव. सगळे गे बर्न म्हणत आणि आयर्लंडचे लोक लाडाने 'गेबो'. जन्म डब्लिनचा, 5 ऑगस्ट 1934. वडील गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला. शाळा सिंज स्ट्रीटवरची, ख्रिश्चन ब्रदर्सची. त्याच शाळेत शिकलेले एमन अँड्र्यूज तेव्हा निवेदक म्हणून नाव कमावत होते, आणि बर्नना त्यांच्यासारखंच व्हायचं होतं. काही काळ विमा कंपनीत काढला आणि 1958 मध्ये ते सरकारी रेडिओवर दाखल झाले. पुढे मँचेस्टरला ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्येही त्यांनी काम केलं. इथपर्यंतचा प्रवास कुठल्याही होतकरू निवेदकाचा असतो तसाच आहे.

31 डिसेंबर 1961 च्या रात्री आयर्लंडची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी या नव्या साधनाची तुलना अणुशक्तीशी केली. त्यातून अपार भलं होऊ शकतं आणि भरून न येणारं नुकसानही, असं ते म्हणाले. देश पक्का कॅथलिक. धर्मगुरूंचा शब्द घराघरात चाले. संततिनियमनाच्या साधनांची विक्री कायद्याने बंद होती. घटस्फोटाला राज्यघटनेतच मनाई होती. लग्न झालं की बाईला सरकारी नोकरी सोडावी लागे. अशा देशात जुलै 1962 मध्ये 'द लेट लेट शो' नावाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला, तोही फक्त उन्हाळ्यापुरता. मधला थोडा काळ सोडला तर गे बर्न यांनी तो 21 मे 1999 पर्यंत केला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी या कार्यक्रमाची बांधणी समजावून सांगते, कारण बर्न यांची ताकद तिथे आहे. ते नुसते सूत्रसंचालक नव्हते, बराच काळ निर्मातेही तेच होते. पाहुणे कोण, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कुठला विषय लांबवायचा, कुठला आवरता घ्यायचा, हे सगळं त्यांच्या हातात. आज कोण येणार हे आधी जाहीर करायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे लोकांना टीव्ही लावूनच बसावं लागे. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. कोणी भलतंसलतं बोललं तर कात्री लावायला जागाच नाही. शिवाय 1978 पर्यंत आयर्लंडला स्वतःची एकच वाहिनी होती. म्हणजे आजी, सून, नातवंडं आणि गावचे फादर एकाच वेळी तेच ऐकत असत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, दुकानात, बसस्टॉपवर विषय तोच.

12 फेब्रुवारी 1966 चा किस्सा आयर्लंडमध्ये आजही सांगतात. नवरा-बायको एकमेकांना किती ओळखतात, असा साधा खेळ चालला होता. एका बाईंना विचारलं, लग्नाच्या पहिल्या रात्री तुमच्या नाइटीचा रंग कोणता होता? तिने हसत सांगितलं की बहुधा घातलीच नव्हती. प्रेक्षक हसले, तीही हसली. पण क्लोनफर्टचे बिशप टॉमस रायन यांनी त्याच रात्री वर्तमानपत्राला फोन करून निषेध नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी प्रवचनातून कार्यक्रमावर आसूड ओढले. ठिकठिकाणच्या नगरसंस्थांनी आणि मंडळांनी निषेध केले. अखेर वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आज हे वाचून हसू येईल, पण मला यातली ती बाई महत्त्वाची वाटते. चारचौघांत आपल्या संसाराबद्दल मोकळेपणाने एक वाक्य बोलायला तिला भीती वाटली नाही. ती मोकळीक समोरच्या माणसाने दिली होती.

1971 च्या मार्चमध्ये त्यांनी स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायकांना बोलावलं. समान वेतन, संततिनियमन, विवाहितेचे हक्क, सगळं बाहेर आलं. राजकारणी या प्रश्नांकडे ढुंकूनही बघत नाहीत, असा आरोप झाला. तेव्हाचे खासदार आणि पुढे पंतप्रधान झालेले गॅरेट फिट्झजेरल्ड घरी टीव्ही बघत होते. ते तडक गाडी काढून स्टुडिओत आले आणि वादात उतरले. पुढचा सगळा गोंधळ देशाने थेट पाहिला. बर्न यांनी तो थांबवला नाही.

आता रेडिओकडे येते. खरं तर मी दरवेळी त्यांचं नाव घेते ते रेडिओमुळे. टीव्हीवरचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा, पण 1973 ते 1998 अशी पंचवीस वर्षं ते रोज सकाळी रेडिओवरही होते. आधी एक तास, नंतर दोन. श्रोते बहुतेक घरात काम करणाऱ्या बायका. त्यांची पत्रं यायची, फोन यायचे. कुणाला दुकानदाराने फसवलेलं, कुणाचा सरकारी भत्ता अडकलेला, कुणाचा नवरा दारूपायी घर विकायला निघालेला. आपल्याकडे आकाशवाणीला येणाऱ्या पत्रांवर मी वाढले, म्हणून सांगते: ज्या निवेदकाला माणसं पत्र लिहितात त्याच्यावर त्यांचा जीव असतो. तो विश्वास एका दिवसात मिळत नाही. बर्न यांनी तो अकरा वर्षं जमवला होता आणि 1984 मध्ये तो कामी आला.

31 जानेवारी 1984. लाँगफर्ड काउंटीतलं ग्रॅनर्ड हे छोटं गाव. अॅन लव्हेट नावाची 15 वर्षांची शाळकरी मुलगी. थंडीपावसात गावाबाहेरच्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी ती एकटी बाळंत झाली. शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांना तिचं दप्तर पडलेलं दिसलं, म्हणून ते आत डोकावले. बाळ गेलं होतं. त्याच दिवशी अॅनही गेली. काही दिवसांनी एका रविवारच्या वर्तमानपत्राने बातमी छापली. गावाने मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली.

आणि मग बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे पत्रांची रीघ लागली. पत्रं अॅनबद्दल होती आणि तेवढीच लिहिणाऱ्यांबद्दल. कुणी शेतात बाळंत झालेली, कुणी गोठ्यात. कुणावर घरातल्याच माणसाने हात टाकलेला. कुणाचं बाळ तिला न विचारता उचलून नेलेलं. काही जणी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, कबुलीजबाब ऐकणाऱ्या फादरनाही नाही, जन्मात कुणाला न सांगितलेलं त्यांनी रेडिओवरच्या एका माणसाला लिहून कळवलं.

या पत्रांचं करायचं काय? इथे कुठलाही निर्माता काय करेल ते मला ठाऊक आहे, मी त्या खुर्चीत बसले आहे. एखादे मानसोपचारतज्ज्ञ बोलावतील, एक धर्मगुरू, एक वकील. तीन पत्रांतले निवडक उतारे वाचतील आणि मग चर्चा. चर्चा म्हणजे सुरक्षित जागा. बर्न यांनी 23 फेब्रुवारीला यातलं काही केलं नाही. ही पत्रं इतकी आहेत आणि त्यांतली हकिकत अशी आहे की ती बाजूला ठेवता येणार नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी सांगून त्यांनी वाचायला सुरुवात केली. ते आणि सोबतचे वाचक, एकामागून एक पत्र. जवळजवळ सगळा वेळ फक्त पत्रं. त्यावर भाष्य जवळपास नाहीच.

माझ्या वर्गातली मुलं इथे विचारतात, मग यात निवेदकाचं कौशल्य काय? नुसतं वाचलंच ना? वाचून पाहा म्हणावं. दुसऱ्याचं दुःख मोठ्याने वाचताना आपला आवाज आपोआप कातर व्हायला लागतो, शब्दांवर वजन पडायला लागतं, आणि बघता बघता ते दुःख आपल्या अभिनयाचं साधन होऊन बसतं. आवाज कोरडा ठेवला तर वाचणाऱ्याला त्याचं काहीच नाही असं वाटतं. या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद आहे. बर्न यांच्या आवाजात ती सापडते. स्पष्ट उच्चार, संथ लय, वाक्य पूर्ण होऊ देणं. पत्र जिचं आहे तिचंच राहतं.

ते क्रांतिकारक होते का? मला तसं वाटत नाही. देशातल्या गृहिणींची स्पर्धा, जिच्यात बायकांना स्वयंपाक आणि घर सांभाळण्यावरून जोखलं जाई, तिचे टीव्हीवरचे सूत्रसंचालक तेच होते. मतांनी ते बऱ्यापैकी परंपरावादी होते आणि ते त्यांनी फारसं लपवलं नाही. दारं उघडून देणारा माणूस स्वतः त्या दारातून जाईलच असं नाही. यामुळे माझ्या लेखी त्यांचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. स्वतःला न पटणारा माणूस ऐकवण्याला जास्त मोठं मन लागतं.

ते मन एकदा कमी पडलं, हेही सांगितलं पाहिजे. गॉलवेचे लोकप्रिय बिशप एमन केसी यांना एक मुलगा असल्याचं 1992 मध्ये उघड झालं आणि त्यांनी पद सोडलं. 1993 च्या एप्रिलमध्ये त्या मुलाची आई, अॅनी मर्फी, 'लेट लेट'मध्ये आली. ती मुलाखत मी अनेकदा पाहिली आहे. बर्न यांचा सूर सुरुवातीपासून उलटतपासणीचा. शेवटी ते म्हणतात, तुमचा मुलगा वडिलांच्या निम्म्याने जरी चांगला निघाला तरी खूप झालं. ती क्षणभरही न थांबता उत्तर देते, मीसुद्धा काही इतकी वाईट नाही, मिस्टर बर्न. आणि उठून निघून जाते. ज्या बायकांची पत्रं त्यांनी इतक्या निगुतीने वाचली, त्यांच्यातलीच एक समोर बसली होती, आणि त्या रात्री त्यांना ती दिसली नाही. केसी त्यांच्या परिचयाचे होते, हे कारण असेलही. ते मला पुरेसं वाटत नाही.

नंतरच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे 2000 साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, त्याच वर्षी त्याच खेळाचं आयरिश रूप बर्न यांनी केलं. रस्ते सुरक्षा प्राधिकरणाचे ते अध्यक्ष होते आणि ते काम त्यांनी मनापासून केलं. 2015 मध्ये 'द मीनिंग ऑफ लाइफ' या मालिकेत त्यांनी स्टीफन फ्राय यांना विचारलं, मेल्यावर खरोखरच देव समोर आला तर त्याला काय म्हणाल? फ्राय यांनी लहान मुलांना होणाऱ्या हाडांच्या कर्करोगाचा जाब देवाला विचारला. देवनिंदेची तक्रार पोलिसांपर्यंत गेली, चौकशी झाली आणि ती पुढे सोडून देण्यात आली. 2018 मध्ये जनमत घेऊन आयर्लंडने देवनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढून टाकला. त्याच वर्षी गर्भपातावरची घटनात्मक बंदीही उठली. ती उठण्यामागे, आयर्लंडमध्ये गर्भपात नाकारल्यावर झालेला बेळगावच्या सविता हलप्पनवारचा 2012 मधला मृत्यू होता, हे आपल्याला माहीत आहेच.

आणखी एक धागा आपल्याकडे येतो. 2015 च्या जानेवारीत आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचं रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं. त्यांचे वडील मालवणजवळच्या वराड गावचे. देशाला सांगायची इतकी खासगी गोष्ट त्यांनी रविवारी सकाळी रेडिओवर सांगितली, यात मला बर्न यांच्या पंचवीस वर्षांच्या सकाळी दिसतात. 4 नोव्हेंबर 2019 रोजी बर्न गेले, तेव्हा पंतप्रधान म्हणून त्यांना श्रद्धांजली वाहणारे वराडकरच होते.

"पहिलं काय पाहू?" हाही प्रश्न येतो. मी पाड्रिग फ्लिन यांची मुलाखत सांगते. जानेवारी 1999, 'लेट लेट'वरचे बर्न यांचे शेवटचे महिने. फ्लिन तेव्हा युरोपीय आयोगावर आयुक्त. एका बांधकाम व्यावसायिकाकडून पक्षाच्या नावाने पन्नास हजार पौंड घेतल्याचा त्यांच्यावर आरोप. बर्न यांनी आवाज चढवला नाही, कागद फडकावले नाहीत. छोटे प्रश्न विचारले आणि पाहुण्याला बोलू दिलं. फ्लिन खुशीत येऊन आपला पगार, आपली तीन घरं, ती चालवायला येणारा खर्च, सगळं सांगत गेले. जाता जाता त्या व्यावसायिकाची तब्येत बरी नाही, त्याची बायको आजारी आहे, असंही बोलून गेले. तो व्यावसायिक, टॉम गिलमार्टिन, इंग्लंडमध्ये राहत होता. हे त्याच्या कानावर गेलं आणि तो भडकला. चौकशी आयोगाला सहकार्य करायला त्याने आधी काचकूच केली होती, आता तो साक्षीला उभा राहिला. आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला आणि त्यात फ्लिन यांनी ते पैसे भ्रष्ट मार्गाने मागितल्याचं नमूद झालं. ही मुलाखत पाहताना वही घेऊन बसा आणि बर्न किती कमी बोलतात ते लिहून काढा.