तुम्ही विचारलंत म्हणून : केमिस्ट्रीच्या तासाला हेराची गोष्ट कशासाठी?

"मॅडम, स्टिरिओकेमिस्ट्री सुरू करायच्या आधी तुम्ही त्या रेडिओवाल्याची गोष्ट का सांगता?" (स्टिरिओकेमिस्ट्री म्हणजे रेणूच्या त्रिमितीय रचनेचा अभ्यास.) विद्यार्थी हे विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि पोर्शन मागे पडला की स्टाफरूममधले सहकारीही विचारतात. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होते. इथे नीट सांगते.

गोष्ट हान्स वाइनबर्ग यांची आहे. जन्म १९२२ चा, अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू घरातला. जुळ्या भावांपैकी एक. १९३९ मध्ये, म्हणजे हॉलंडवर जर्मन सैन्य चालून येण्याच्या आधीच, आईवडिलांनी या दोघांना अमेरिकेला धाडून दिलं. मुलं सोळा वर्षांची होती. आईवडील मागे राहिले, धाकटा भाऊही राहिला. मे १९४० मध्ये नाझी फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक माणसं पुढच्या काही वर्षांत मारली गेली. हान्सचे आईवडील आणि तो धाकटा भाऊ आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले.

इथे मला थांबावं लागतं, कारण वर्गातल्या मुलांना हे चटकन उमगत नाही. आपल्याकडे कोकणात बेने इस्राएली लोक शतकानुशतकं राहिले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले, पण केवळ ज्यू म्हणून कुणी त्यांच्या जिवावर उठलं नाही. त्यामुळे निव्वळ ज्यू घरात जन्मल्यामुळे एखाद्या मुलाला घर का सोडावं लागतं, हे आधी समजावून सांगते आणि मगच पुढे जाते.

अमेरिकेत हान्स सैन्यात गेला आणि तिथून ओएसएसमध्ये. ओएसएस म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची गुप्तहेर आणि घातपाती कारवायांची संघटना. सीआयएची पूर्वज म्हणा. शत्रूच्या प्रदेशात उतरून तिथली भाषा अडखळल्याशिवाय बोलतील अशी माणसं तिला हवी होती, आणि ती सापडत होती नेमकी निर्वासितांमध्ये. ज्यांना हाकलून दिलं होतं, तीच पोरं परत जायला तयार होती. पकडले गेलो तर दुहेरी मरण, एकदा हेर म्हणून आणि एकदा ज्यू म्हणून, हे ती पुरतं जाणून होती.

हान्सचा जोडीदार होता फ्रेड मेयर. तो फ्रायबुर्गचा जर्मन ज्यू, १९३८ मध्ये घरच्यांबरोबर ब्रुकलिनला आलेला. त्याच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून आयर्न क्रॉस मिळवला होता. तिसरा होता फ्रांझ वेबर, ऑस्ट्रियातल्या टिरोलचा, जर्मन सैन्यातला लेफ्टनंट. हिटलरसाठी लढायचं नाही म्हणून इटलीत तो आपली फौज सोडून आला होता. या तिघांच्या मोहिमेचं नाव 'ग्रीनअप'. काम असं : टिरोलमधल्या इन्सब्रुक शहराच्या परिसरात उतरायचं आणि ब्रेनर खिंडीतून इटलीतल्या जर्मन फौजांना जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची बित्तंबातमी इटलीतल्या बारीच्या तळावर पाठवायची.

फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस एका रात्री बी-२४ विमानातून तिघांनी उड्या मारल्या. उतरले ते आल्प्समधल्या एका हिमनदीवर, सुमारे ३००० मीटर उंचीवर. हवामान वाईट म्हणून आधीची उड्डाणं माघारी फिरली होती. स्कीजचा एक डबा बर्फात कुठे पडला ते सापडलंच नाही. कमरेएवढ्या बर्फातून सामान ओढत ते आधी डोंगरातल्या एका बंद झोपडीपर्यंत पोहोचले, मग खाली उतरून एक स्लेज मिळवली आणि तिच्यावरून सामानासकट दरीत घसरत गेले. मेयर तेवीस वर्षांचा होता, हान्स बावीस. माझ्या एम.एस्सी.च्या वर्गातली मुलं याच वयाची असतात, म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगते.

पुढचा मुक्काम वेबरच्या गावी, ओबरपेरफुसला. वेबरची वाग्दत्त वधू तिथलीच. तिची आई आना नीडरकिर्खर गावातली खानावळ चालवायची. या बाईंनी, वेबरच्या बहिणींनी आणि गावातल्या काही शेतकरी कुटुंबांनी या परक्यांना लपवलं. घरात अमेरिकन हेर सापडला असता तर काय झालं असतं, हे त्या काळात टिरोलमध्ये कुणाला सांगायला नको होतं.

आता कामाची वाटणी बघा. मेयर इन्सब्रुकमध्ये गेला. वेबरच्या बहिणीने रुग्णालयातून मिळवून दिलेला जर्मन अधिकाऱ्याचा गणवेश त्याने चढवला, डोक्याला बँडेज बांधलं आणि अधिकाऱ्यांमध्ये बसून त्यांच्या गप्पा ऐकल्या. बर्लिनमध्ये हिटलरचा बंकर कसा बांधलाय, हेही त्याला तिथेच कळलं. नंतर तो फ्रेंच इलेक्ट्रिशियन बनून वावरला. सिनेमा काढावा असं हे काम. आणि हान्स? हान्स या मोहिमेचा रेडिओ ऑपरेटर; तो ओबरपेरफुसच्या एका घराच्या माळ्यावर बसून होता.

इथे कुणीतरी हटकून विचारतं, "म्हणजे ते लपूनच बसले होते ना? मग हीरो कसे?" या प्रश्नाची मी दर वर्षी वाट बघते, कारण गोष्ट सांगते ती याच्याचसाठी.

माळ्यावरच्या माणसाचं काम काय असतं? मेयरची चिठ्ठी एखादी बाई गुपचूप आणून देते. ती वाचायची आणि सांकेतिक लिपीत बांधायची, अक्षर न् अक्षर हाताने. ठरलेल्या वेळी सूटकेसमध्ये मावणारा रेडिओ सेट सुरू करायचा आणि मोर्सच्या बटणावर बोट चालवायचं. जास्त वेळ हवेत राहिलात तर जर्मनांच्या गाड्या दिशा शोधत येतात, म्हणून संदेश आटोपशीर हवा. घाई केली आणि एखादं अक्षर चुकलं, तर पलीकडच्याला अर्थ लागत नाही, आणि तोच संदेश पुन्हा पाठवायचा म्हणजे पुन्हा हवेत जायचं. सेट बंद केला की उरलेला दिवस आवाज न करता काढायचा. आपण पाठवलेल्याचं पुढे काय झालं, हे बहुधा कळतच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला असाच एक संदेश गेला. इन्सब्रुकजवळच्या हॉल नावाच्या गावच्या रेल्वे यार्डात २६ गाड्या इटलीकडे सुटायच्या तयारीत उभ्या आहेत, असा त्याचा मजकूर. अमेरिकी विमानांनी त्या तिथेच उडवल्या. जर्मन जेट विमानांचा केमाटेनचा कारखाना सुटे भाग नसल्यामुळे ठप्प पडलाय, हीसुद्धा बातमी याच वाटेने गेली. मेयरने कितीही मिळवलं असतं तरी हान्सच्या बोटांतून गेल्याशिवाय बारीला त्यातलं काहीच पोहोचलं नसतं. प्रयोगशाळेत मी मुलांना जे घसा फोडून सांगते, रीडिंग नीट घ्या, जसं दिसलं तसंच लिहा, आपल्या मनाने गोल करू नका, ते या माणसाने जिवाची बाजी लावून केलं होतं.

२० एप्रिलला मेयर पकडला गेला. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याचे अतोनात हाल केले : मारहाण केली, उलटा टांगला, नाकातोंडात पाणी ओतलं. रेडिओ कुठे आहे, ऑपरेटर कोण आहे, एवढंच त्यांना हवं होतं. मेयरने शेवटपर्यंत ते सांगितलं नाही. हान्स जागा बदलत राहिला आणि गावाने त्याला सांभाळलं. तोवर जर्मनीचा डाव संपत आला होता. जखमी मेयरला टिरोलचा नाझी प्रमुख फ्रांझ होफर याच्यासमोर नेण्यात आलं, आणि या कैद्यानेच त्याला शरणागतीसाठी राजी केलं. ३ मे १९४५ रोजी मेयर पांढरी चादर फडकवत अमेरिकी सैन्याला सामोरा गेला आणि इन्सब्रुक लढाईशिवाय हाती आलं.

युद्ध संपलं आणि हान्स वाइनबर्ग केमिस्ट्रीकडे वळले. इथून पुढे मी त्यांना 'अहो' म्हणते; सर झाले ना ते.

बारावीत फिनॉल शिकलेल्या प्रत्येकाला रायमर-टिमन रिअ‍ॅक्शन पाठ असते. फिनॉल, क्लोरोफॉर्म, कॉस्टिक सोडा, उत्पादन सॅलिसिलअल्डिहाइड, दोन मार्क. १९६० मध्ये 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये या रिअ‍ॅक्शनचा जो मोठा आढावा आला, तो वाइनबर्ग यांनी लिहिला होता. हे सांगितलं की वर्ग हमखास गलबलतो. माळ्यावरचा तो मुलगा आपल्याच पुस्तकात निघाला, हे मुलांना फार आवडतं.

पुढे ते आपल्या जन्मदेशात परतले आणि ग्रोनिंगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या देशातून आपलं घरच पुसलं गेलं तिथे परत जाऊन राहायचं, तिथल्याच मुलांना शिकवायचं. मला हे उडीपेक्षाही मोठं वाटतं.

त्यांच्या दोन कामांवर मी जरा जास्त रेंगाळते. १९६५ मध्ये त्यांच्या गटाने असा एक हायड्रोकार्बन तयार केला, ज्याच्या मधल्या कार्बनला इथिल, प्रोपिल, ब्यूटिल आणि हेक्सिल असे चार वेगवेगळे गट जोडलेले होते. चार गट वेगळे म्हणजे रेणू कायरल, डाव्या-उजव्या हातांसारखा : आरशातली प्रतिमा त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. त्याने ध्रुवित प्रकाशाचं (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल फिरवायलाच हवं, म्हणजे तो ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह असायलाच हवा, असं आपण शिकवतो. त्यांनी नमुना शुद्ध केला, हे फिरणं मोजणाऱ्या पोलरिमीटरमध्ये ठेवला, आणि मोजण्याजोगं काहीच दिसलं नाही. चारही गट स्वभावाने इतके सारखे की परिणाम उपकरणाच्या आवाक्याखाली राहतो. रेणू कायरल आहे, रीडिंग शून्य आहे, आणि दोन्ही खरं आहे. परीक्षेत 'ऑप्टिकली अ‍ॅक्टिव्ह नाही, म्हणून कायरल नाही' असं बिनदिक्कत लिहिणाऱ्या मुलांना हे एक उदाहरण पुरतं.

दुसरं काम १९६९ चं. अल्कीनवर, म्हणजे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असलेल्या रेणूवर, ब्रोमीन घातलं की मध्ये ब्रोमोनियम आयन (त्या दोन कार्बनांना ब्रोमीनने धरून ठेवलेला भारित कण) तयार होतो असं आपण फळ्यावर काढतो, पण तो क्षणभरच टिकतो, कारण पाठीमागून ब्रोमाइड येऊन त्याला उघडतो. वाइनबर्ग, श्ट्रेटिंग आणि वीरिंगा यांनी दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना अ‍ॅडमॅन्टेनचे जाडजूड पिंजरे असलेला अल्कीन घेतला. पाठीमागची वाट बंद झाली, ब्रोमाइड अडला, आणि आजवर फक्त कागदावर असलेला आयन घन पदार्थ म्हणून हाती आला. क्विनीनच्या, म्हणजे आजीच्या कोयनेलच्या, जातीचे रेणू उत्प्रेरक म्हणून वापरून एकाच हाताचे रेणू जास्त प्रमाणात बनवण्याचं त्यांच्या गटाचं कामही मोठं आहे. आज ऑर्गॅनोकॅटॅलिसिस, म्हणजे धातूंऐवजी छोटे सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरणं, शिकवताना ते टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांच्याकडे पीएच.डी. करायला आलेल्यांत बेन फेरिंगा नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. आतल्या गर्दीमुळे पीळ पडलेल्या अल्कीनांवर गुरुशिष्यांचा एकत्र पेपर १९७७ चा आहे. त्याच जातीच्या अल्कीनांमधून फेरिंगांनी १९९९ मध्ये प्रकाशावर एकाच दिशेने फिरणारी रेणूची मोटर बनवली, आणि २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाइनबर्ग २०११ मध्येच गेले होते.

पालकांना एवढंच सांगते की तुमच्या मुलाच्या हातून आयुष्यात बहुतेक काम माळ्यावरचंच होणार आहे. मेयरसारखी संधी क्वचित कुणाला मिळते. अचूक कळवायचं, वेळेवर कळवायचं, आणि त्याचं पुढे काय झालं हे कळलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. असं बसणाऱ्याला आपल्याकडे कुणी मान देत नाही, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

सहकाऱ्यांचा मुद्दा पोर्शनचा आहे आणि तो बरोबर आहे. गोष्टीत अर्धा तास जातो. तो मी रिव्हिजनच्या तासातून भरून काढते, आणि येत्या वर्षीही काढणार आहे.