पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

क्वालालंपूरला घरकामाला बाई ठेवायची तर पुण्यासारखं वॉचमनच्या कानावर घालून भागत नाही. बाई परदेशातून येते, म्हणून एजंट, मेडिकल, कामाचं परमिट, लेव्ही म्हणजे परदेशी कामगारामागे सरकारला भरायचा कर, सगळं लचांड निस्तरावं लागतं. त्याला माझी ना नाही. पण कागद हातात देताना एजंट सहज म्हणाला, "हिचा पासपोर्ट तुम्हीच ठेवा हं, नाहीतर पळून जाईल."

मलेशियाच्याच 1966 च्या कायद्याने दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं गुन्हा आहे. तरी आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, किती जणींचे पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी पडून असतात! वर "जपून ठेवलाय" म्हणायचं. आणि रस्त्यात पोलिसांनी अडवलं की? परमिट मालकाच्या नावाशी बांधलेलं, जवळ कागद नाही, म्हणजे थेट डिटेन्शन कॅम्प, कागद नसलेल्या परदेशी लोकांना डांबून ठेवायची जागा.

या कॅम्पांत काय चालतं हे आयरीन फर्नांडिस यांनी 1995 मध्येच लिहून ठेवलंय. बाई मलेशियाच्याच केडाह राज्यातल्या सुंगाई पेतानीच्या, आईवडील भारतातून रबराच्या मळ्यात आलेले. शिक्षिकेची नोकरी सोडून कामगारांत उतरल्या, 1991 मध्ये 'तेनागनिता' ही संस्था काढली. तीनशेहून जास्त स्थलांतरितांशी बोलून त्यांनी अहवाल केला. त्यात मारहाण होती, लैंगिक छळ होता, बेरीबेरीने झालेले मृत्यू होते. बेरीबेरी! शाळेत जीवनसत्त्वांच्या तक्त्यात पाठ केलेला तो रोग. माणसाला नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवलं की होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस, पेट्रोनासचे टॉवर उभे राहत होते त्याच सुमारास.

सरकारने मग 1996 मध्ये अटक कुणाला केली? बाईंनाच. दुष्ट हेतूने खोटी बातमी छापली म्हणून. खटला सात वर्षं रखडला, 2003 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. अपील चालू असताना त्या जामिनावर, आणि त्यांचा स्वतःचाच पासपोर्ट कोर्टात जमा. शिक्षेमुळे निवडणूकही लढवता येईना. 2005 मध्ये 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, निर्दोष सुटका मात्र नोव्हेंबर 2008 मध्ये. 31 मार्च 2014 ला त्या गेल्या. तोवर मोलकरणींच्या साप्ताहिक सुट्टीसाठी त्यांची संस्था भांडतच होती.

आता कुणीतरी विचारणारच, भारतात कुठे मिळते सुट्टी? नाही मिळत. आईकडच्या मावशींनी खाडा केला की आमच्याकडेही कपाळाला आठ्या पडायच्या. पण मावशी संध्याकाळी आपल्या घरी जायच्या, त्यांचं रेशनकार्ड त्यांच्याच ट्रंकेत असायचं. शिवाय महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केलाय. मंडळाचं पुढे काय झालं ते सोडा, कायदा तरी आहे.

इंडोनेशियाने 2009 मध्ये इकडे घरकामाला बायका पाठवणं थांबवलं, तेव्हा कुठे दोन्ही देशांच्या 2011 च्या करारात आठवड्याची सुट्टी आणि पासपोर्ट बाईकडेच, हे आलं. आमची बाई इंडोनेशियाचीच. पासपोर्ट तिच्या पर्समध्ये असतो, रविवारी ती इथल्याच चौ किट भागात मैत्रिणींकडे जाते. लेव्ही मी भरते, तिच्या पगारातून कापत नाही, हेही सांगून टाकते. मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "तू बाकीच्यांच्या बायका बिघडवतेस." मी म्हटलं, "काकू, बिघडू द्या."