पैसा कोणत्या खात्यात टाकायचा?

मी नाशिकचा सनदी लेखापाल. माझ्या अशिलांपैकी एका गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही इथे तेवढेच म्हणतो. पिंपळगाव बसवंतला त्यांचे शीतगृह आहे, गंगापूर रोडला दोन इमारती आहेत, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बनवण्याचा कारखाना आहे, दिंडोरीकडच्या एका वाइनरीत हिस्सा आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी तीन मराठी चित्रपटांत पैसे घातले आहेत. चित्रपटवाले त्यांना फायनान्सर म्हणतात, पोस्टरवर त्यांचे नाव सहनिर्माता म्हणून येते आणि ते स्वतः ‘मी पैसे लावतो’ एवढेच सांगतात. एकाच माणसाच्या या तीन नावांमुळे दर मार्चमध्ये माझी झोप उडते, कारण हिशेबाच्या दृष्टीने ती तीन वेगळी नाती आहेत.

मागच्या आठवड्यात ते एका तरुण दिग्दर्शकाला घेऊन रविवार कारंजाजवळच्या माझ्या कार्यालयात आले. मुलगा नाशिकरोडचा, बोलायला गोड, हातात पटकथेची स्पायरल बांधणी. रक्कम चाळीस लाखांची होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘अण्णा, हे कर्ज की भांडवल?’ अण्णा म्हणाले, ‘सीए साहेब, आधी पिक्चर तर होऊ द्या.’

हे उत्तर मी पूर्वीही ऐकले आहे आणि माझ्या मते या धंद्यातला निम्मा घोळ त्यातच आहे. कर्ज म्हटले की मुदत, व्याज, तारण आणि व्याजावरची करकपात आली. शिवाय वीस हजार किंवा त्याहून मोठे कर्ज रोखीने घेता येत नाही, म्हणजे व्यवहार बँकेतून झाला पाहिजे. भांडवल म्हटले की नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. व्यवहारात मात्र पैसे देताना दोघेही भागीदारीची भाषा बोलतात आणि चित्रपट पडला की देणारा कर्जाची भाषा बोलू लागतो. पहिल्या चित्रपटाच्या वेळी अण्णांनीही तेच केले होते आणि त्यांची बाजू मांडताना माझ्याकडे कागद म्हणून जेवणाच्या बिलामागे लिहिलेल्या चार ओळी होत्या.

पूर्वीच्या सावकारांचे तरी बरे होते. महिन्याला दोन-तीन टक्के व्याज लावत, पण तारण काय ते त्यांना ठाऊक असे. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये पडून असे आणि लॅबकडून लिहून घेतलेले असे की सावकाराचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय प्रिंट बाहेर जाणार नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री निर्माता धावपळ करत येई आणि हिशेब मिटे. 1998 साली केंद्र सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला आणि बँकांची दारे किलकिली झाली, पण त्या दारातून आत गेले ते मोठे. नाशिकच्या नवख्या निर्मात्याला आजही अण्णांसारख्याच कोणाचा उंबरा झिजवावा लागतो. निगेटिव्हची जागा आता हार्ड डिस्कने घेतली आहे. अण्णांच्या दुसऱ्या चित्रपटाची अशी एक डिस्क त्यांच्या कपाटात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर निळ्या शाईने ‘फायनल 3’ असे लिहिलेली. गेल्या चार वर्षांत ती मागायला कोणीही आलेले नाही. तारणाची किंमत मागणाऱ्याच्या गरजेवर असते, हे अण्णा त्या डिस्ककडे बोट दाखवून सांगतात.

द्राक्षाच्या धंद्यातला माणूस असल्याने ते एक तुलना वारंवार करतात आणि ती मला पटते. वाइनचाही पैसा अडकतो, वेल लावल्यापासून बाटली विकली जाईपर्यंत काही वर्षे जातात. पण दरम्यान जमीन राहते, टाक्या राहतात, विकली न गेलेली वाइन राहते. चित्रपटाचा पैसा शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांवर उभा असतो. 2009 च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जो समझोता झाला, त्यात तिकीटविक्रीतला निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के असा उतरता ठरला. ज्या मराठी चित्रपटाचे नाव लोकांच्या तोंडी यायलाच दोन आठवडे लागतात, त्याला असा उतार कसा परवडणार?

करातही हाच तिढा आहे. आयकर नियमांप्रमाणे, वर्ष संपण्याच्या किमान नव्वद दिवस आधी चित्रपट प्रदर्शित झाला असेल तर निर्मितीचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा होतो. नाहीतर त्या वर्षी जेवढे उत्पन्न आले तेवढाच, बाकीचा पुढच्या वर्षी. ही सोय निर्मात्याला आहे, नुसते कर्ज देणाऱ्याला नाही. म्हणून डिसेंबर उलटू लागला की सहनिर्माते अचानक खरे निर्माते होतात, असे माझे निरीक्षण आहे.

नाशिककरांना हे नवीन वाटू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडेथोडे चित्रण केले आणि ती फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे द्यायची तयारी दाखवली. माझ्या माहितीतला हा सर्वांत प्रामाणिक प्रकल्प अहवाल आहे. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, मग फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रशाळा नाशिकला हलवली. खरे दुखणे पुढे, यश मिळाल्यावर सुरू झाले. 1918 च्या आरंभी धनिक भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकात उभी राहिली आणि फाळके तिचे कार्यकारी भागीदार झाले. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, फाळक्यांना मोकळीक हवी होती. वैतागून ते काशीला निघून गेले आणि काही काळाने परतले ते त्याच कंपनीत पगारावर. पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात शाळांच्या सहली येतात, तेव्हा भागीदारीचा हा भाग मुलांना कोणी सांगत असेल असे वाटत नाही. मी सनदी लेखापाल असल्याने माझी सहानुभूती थोडी भागीदारांकडेही जाते, हे कबूल करतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शापूरजी पालनजी यांचे. ‘मुगल-ए-आझम’मध्ये मूळचे पैसे घालणारे शिराझ अली फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तो चित्रपट शापूरजी या बांधकाम व्यावसायिकाच्या पैशावर 1960 साली पुरा झाला. त्यांना चित्रपटांत फारसा रस नव्हता, अकबरात होता. अण्णांना ही गोष्ट फार आवडते; त्यांचा स्वतःचा अकबर कोण, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्या दिवशी मी दिग्दर्शकाला बाहेर चहा घ्यायला पाठवले आणि दोन मसुदे पुढे ठेवले, एक कर्जाचा, एक भागीदारीचा. अण्णांनी दोन्ही वाचले, चष्मा काढून पुसला आणि पहिल्या हप्त्याचा पाच लाखांचा धनादेश लिहून मुलाला बोलावून त्याच्या हातात दिला. मसुद्यांवर सही ‘पुढच्या गुरुवारी’ करू म्हणाले. तो गुरुवार होऊन गेला. तूर्त ती रक्कम मी सस्पेन्स खात्यात, म्हणजे कशाची ते ठरेपर्यंत रक्कम ठेवायच्या खात्यात, टाकली आहे.