डोक्यावरची तुळस

माघात हे गेले आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला मी पंढरीच्या वारीसाठी आळंदीत होते. मधल्या चार-साडेचार महिन्यांत मी काय केलं, ते आज आठवून सांगता येत नाही. भेटायला येणारे सगळे जपून बोलायचे. ह्यांचं नाव निघालं की कुणीतरी घाईघाईनं चहाचं विचारायचं. शेजारच्या काकू दरवर्षी दिंडीबरोबर जातात. माझी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याची वर्गणी, त्यांनीच भरली. मी निघाले ती भक्तीपोटी नव्हे, घरात राहवेना म्हणून.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि त्यात एकादशी. दिवेघाट निम्मा चढले आणि पाय हलेनात. खाली मस्तानी तलाव दिसत होता, ढग डोंगराला टेकले होते. मी कठड्याशी तशीच उभी राहिले. तेवढ्यात मागून एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात, नऊवारी खोचलेली, डोक्यावर तुळशीवृंदावन. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "धरा जरा माउली, माजी मान अवघडली." आणि वृंदावन सरळ माझ्या डोक्यावर ठेवलं.

तुळस डोक्यावर असली की मान खाली घालता येत नाही. पाऊलही सावकाश, सारख्या अंतरानं टाकावं लागतं. त्या लयीत घाट कधी संपला कळलं नाही. संध्याकाळी त्याच बाई टँकरवरून दोन भरले हंडे एकावर एक ठेवून आणताना दिसल्या, तेव्हा त्यांची मान किती अवघडली होती ते उमगलं.

त्या आमच्याच दिंडीतल्या, परभणीकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. राहुटीत त्यांनी माझ्या शेजारीच पथारी टाकली, माझ्या पायाचे फोड पाहिले, खोबरेल लावलं आणि विचारलं, "मालक कशानं गेले?"

पाऊसपाण्याचं विचारावं, इतक्या सरळ. इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. रात्री छातीत कळ आली, सकाळ पाहिली नाही. अक्कांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "घोरायचे का?"

मला हसू आलं. खरंच आलं. "खूप," म्हटलं. मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. पाव किलो मटार आणायला धाडलं तर चार किलो आणायचे आणि पेपर पसरून स्वतःच सोलत बसायचे, हेही सांगितलं. बोलता बोलता झोप लागली. घरी पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छताकडे बघत पडायची मी. इथे तीनला उठायचंच असतं, आंघोळीच्या रांगेसाठी, आणि उठवावं लागलं मला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तुळशीला पाणी घालणं माझ्याकडे आलं. "आता तुमची तुळस तुमीच बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

अक्कांचं शेत तेव्हा पेरायचं राहिलं होतं. मृग कोरडा गेला होता. चालताना त्यांचं लक्ष सारखं आभाळाकडे. त्यांच्यामुळे मीही वर बघायला शिकले. नीरेच्या काठावर, माउलींच्या पादुकांना स्नान झालं तेव्हा, त्यांनी वारा हुंगला आणि म्हणाल्या, "फिरला." लोणंदच्या पुढे, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावून गेले आणि टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. ती माती अजून बोटांवर होती तोच थेंब पडायला लागले. अक्का प्लास्टिकचा कागदही न घेता तोंड वर करून उभ्या राहिल्या. त्यांच्या गावी पडला होता की नाही कोण जाणे, पण पाऊस कुठेही पडला तरी त्यांना आनंद होई.

आणखी एक सांगायचं तर समाजआरती. मुक्कामाच्या माळावर हजारो टाळ वाजत असतात, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात. क्षणात सगळं शांत. माझ्या घरातली शांतता मला खायला उठायची. ही शांतता हजारो लोकांच्या श्वासांनी भरलेली असे. आरतीआधी हरवल्या-सापडल्याची घोषणा होई. कुणाची पिशवी, कुणाचा टाळ. मी रोज ते कान देऊन ऐकायची.

वेळापूरच्या अलीकडे टेकडीवरून धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. मी तुळस दोन्ही हातांनी धरली आणि उतारावरून पळाले, ह्यांच्या नावानं मोठमोठ्यानं रडत. कुणी वळून पाहिलं नाही. खाली अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आधी त्यांनी तुळशीला पाणी घातलं, मग मला दिलं.

पंढरपुरात गर्दी एवढी की आम्ही कळसालाच हात जोडले. द्वादशीला मुलाचा फोन आला, गावी ओल झाली होती. अक्का लगेच एसटीकडे निघाल्या.

आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. "तिकडं पडला का?" हा पहिला प्रश्न. मी गॅलरीत जाऊन आभाळ बघते आणि सांगते. परवा, मार्गशीर्षात, पाऊस नव्हता तर म्हणाल्या, "मटार आलं का गं बाजारात?"

"आले ना."

"किती आणले?"

"चार किलो."